नाझी समारंभीय खंजीर : अस्सल आणि बनावट

संग्राह्य लष्करी वस्तूंमध्ये नाझी जर्मनीच्या समारंभीय खंजिरांच्या प्रतिकृती विपुल आढळतात. एस.ए. या निमलष्करी दलाचा खंजीर १९३३ मध्ये प्रचारात आला. आरंभी मुठीवरील धातूकाम जर्मन सिल्व्हरचे असे. पुढे मुलामा दिलेले हलके मिश्रधातू आले. म्हणून पाते एका काळाचे व मूठ दुसऱ्या काळाची दिसल्यास सावध व्हावे. संक्रमणकाळात असे मिश्रण घडलेही असेल, परंतु युद्धानंतर झोलिंगन येथे उरलेल्या अस्सल सुट्या भागांची जुळणी झाली, हेही खरेच!

१९३४ मध्ये दलप्रमुख अर्न्स्ट ऱ्योम याने जुन्या सदस्यांना दिलेल्या खंजिरांचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. पात्यावर त्याच्या हस्ताक्षरातील अर्पणवाक्य आम्लाने कोरलेले होते. त्याच वर्षीच्या जून-जुलैमध्ये त्याची हत्या झाल्यावर ते घासून काढण्याचा आदेश निघाला. त्यामुळे अखंड वाक्याला मोठी किंमत येते आणि बनावट करणारे घासलेल्या पात्यावर ते पुन्हा कोरतात. अशा वेळी भिंगातून अक्षरांभोवती घासल्याचे ओरखडे शोधावेत, तसेच पाते तेथे पातळ झाले आहे काय हे तपासावे. अर्धवट पुसलेले वाक्य संग्राहकास दोष वाटते; इतिहासाच्या अभ्यासकास मात्र त्या हत्याकांडाचा तोच पुरावा असतो, आणि नव्या कोरीवकामाने नेमका तो नष्ट होतो.