भाटघरच्या पाण्यावरील लहान होडी

भोर आणि वेल्हे ही नावे उच्चारली की आपल्या डोळ्यांपुढे गड उभे राहतात. परंतु आज त्या मुलखात गडांइतकेच नजरेत भरते ते पाणी. वेळवंडीवर भाटघर, नीरेवर देवघर, कानंदीवर गुंजवणी, आंबीवर पानशेत आणि मोसेवर वरसगाव, अशी पाच मोठी धरणे तेथील खोऱ्यांत आहेत. अशा पाण्यावर गळ टाकण्यासाठी एकट्याने बसण्याची कयाक घेऊन जाणारे शहरातील हौशी लोक आता दिसू लागले आहेत. वेल्ह्यात वल्हे मारण्याची ही हौस चांगलीच आहे. मात्र होडी तरते कशाने, हे ती पाण्यात लोटण्यापूर्वी समजून घेतलेले बरे.

कयाक मूळची ग्रीनलंडकडील इन्युइट लोकांची. लाकडी सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ते ती बनवीत. आजची कयाक बहुधा प्लास्टिकची, आतून पोकळ आणि वरून बंद असते. आर्किमिडीजचा नियम आपण शाळेत शिकलो आहोत. होडी आणि माणूस मिळून शंभर किलो भरले, तर होडीने शंभर लिटर पाणी बाजूला सारले पाहिजे. हे काम प्लास्टिक करीत नाही; पोटात कोंडलेली हवा करते. म्हणून कयाक राखणे म्हणजे ही हवा राखणे होय.

काही कयाकांना बसण्याच्या जागी आरपार भोके असतात. नवख्याला ती पाहून धडकी भरते! पण बैठक बाहेरच्या पाण्याहून उंच असल्यामुळे वर आलेली लाट त्याच भोकांतून निघून जाते. धोका असतो तो दिसत नाही अशा ठिकाणी: या भोकांच्या कडेला गेलेली बारीक चीर, सैल झालेले झाकण, विसरलेले बूच, किंवा गळाची काठी खोचण्यासाठी मालकाने हौसेने पाडलेले नवे छिद्र. यांतून पोटात वीस लिटर पाणी शिरले तर वीस किलोंचे ओझे वाढले, एवढाच हिशेब नाही. धान्याचे पोते ठेवले तेथे राहते, पाणी राहत नाही. होडी डावीकडे कलली की सगळे पाणी डावीकडे धावते आणि तिला आणखी कलवते. पुष्कळ होड्या पुरत्या भरण्याआधीच उलटतात त्या यामुळे.

यावरचा उपाय आपल्याकडे जुनाच आहे. भोपळ्यांची सांगड बांधून नदी उतरणारे लोक हेच तत्त्व वापरीत. एक भोपळा फुटला तरी बाकीचे तारीत. कयाकच्या पोटात, पुढे आणि मागे, फोमचे ठोकळे किंवा घट्ट बूच लावलेल्या रिकाम्या बाटल्या पक्क्या बसवाव्यात. जेवढी जागा त्यांनी अडवली, तेवढे पाणी आत येऊच शकत नाही.

अशी होडी भरली तरी तळाला जात नाही. ती बसलेल्या माणसाला कदाचित पेलणार नाही, पण पाण्यात राहून तिला धरणाऱ्याला मात्र तारील. कारण अंग पाण्यात असताना माणसाचे वजन जवळजवळ पाणीच उचलते. डोके वर ठेवण्यापुरता चार-पाच किलोंचा आधार लागतो. जीवरक्षक जाकीट तेवढेच देते, पण ते अंगात असेल आणि पट्टे बांधलेले असतील तर! बैठकीखाली ठेवलेले जाकीट पाण्यात पडल्यावर घालणे पोहणाऱ्यालाही जमत नाही. धरणाचे पाणी गोडे. समुद्राच्या पाण्याइतका उचल त्याला नाही, हेही लक्षात असावे.

21 मे 2024 रोजी संध्याकाळी उजनीच्या जलाशयात कुगाव-कळाशी दरम्यान प्रवाशांची होडी वादळात उलटली. सात जणांपैकी एक जण पोहून काठाला लागला. दोन बालकांसह सहा जण गेले. होडी पुढे तळाशी सापडली. धरून राहण्यासाठी वर काहीच उरले नव्हते. त्या एकाचे पोहणे थोर खरे, पण तो नियम धरून चालता येणार नाही. पाण्यावरून काठ नेहमीच असतो त्याहून जवळ भासतो. होडी तरंगत असेल तोवर तिला सोडू नये. दुरून शोधणाऱ्याला माणसाचे डोके दिसत नाही, होडी दिसते.

चैत्र-वैशाखातच वळवाचे वारे सुटतात. सकाळी आरशासारखे असलेले पाणी दुपारनंतर ढग चढले की घटकेत बदलते, आणि पावसाच्या आधी वारा येतो. लांब, अरुंद खोऱ्यात वाऱ्याला पाण्यावर जितकी धाव मिळेल तितकी लाट मोठी. अशा वेळी निघालो त्या गावाकडे परतण्याचा हट्ट न धरता जवळचा काठ गाठावा, आणि लाट बाजूवर न घेता टोकावर घ्यावी.

उन्हाळ्यात भाटघरचे पाणी ओसरले की कांबरेश्वराचे बुडालेले देऊळ वर येते. त्याच सुमारास जुने बांध आणि झाडांचे खुंट पाण्याच्या अगदी खाली लपलेले असतात, आणि काठचा गाळ पाय धरतो. तेव्हा कडक तळाची जागा पाहून, छातीभर पाण्यात, सोबत्याच्या देखत, जाकीट घालून कयाक मुद्दाम उलटवावी आणि पुन्हा चढून पाहावे. प्रथम पोट होडीवर आडवे टाकावे, मग वळून बसावे. उभे राहून चढू गेल्यास ती पुन्हा उलटते. दोन-तीन खेपांत हे साधते. साधले नाही, तर त्या दिवशी गळ काठावरूनच टाकावा.