आकाश कोसळत का नाही? (लेखांक 7)

1692 सालच्या अखेरीस केंब्रिजमध्ये आयझॅक न्यूटनच्या हाती एका तरुण पाद्र्याच्या शंका पडल्या. रिचर्ड बेंटली हा ग्रीक-लॅटिनचा पंडित, गणितात मात्र बेताचाच. त्या वर्षी लंडनमध्ये त्यानं देवाच्या अस्तित्वाच्या पुष्ट्यर्थ आठ प्रवचनं दिली होती आणि शेवटच्या काही प्रवचनांत, पाचच वर्षांपूर्वी निघालेल्या ‘प्रिन्सिपिया’चा आधार घेतला होता. प्रवचनं छापखान्यात जाण्याआधी आपण न्यूटनला नीट समजून घेतलं आहे ना, याची त्याला खात्री करायची होती. त्याच्या शंकांचं मूळ साधं होतं. प्रत्येक वस्तू दुसऱ्या प्रत्येक वस्तूला खेचत असेल, तर हे सगळे तारे एव्हाना एकमेकांवर कोसळून एकच गोळा का झाला नाही?

न्यूटननं त्याला चार पत्रं लिहिली. तुसडेपणासाठी प्रसिद्ध असलेल्या माणसाकडून एवढं उत्तर मिळणं हेच विशेष. (नवख्यांच्या शंकांना पत्रानं उत्तर देण्याची रीत पुण्यातही होती. जयंत नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना सांगत, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही मिळेल.) न्यूटनचं म्हणणं असं, की द्रव्य मर्यादित जागेत असतं तर ते खरोखरच मध्यभागी गोळा झालं असतं. पण अवकाश अनंत आणि द्रव्य सगळीकडे सारखं पसरलेलं असेल, तर ‘मध्य’ कुठला? तिथे एकाऐवजी अनेक गोळे बनतील. ते जागच्या जागी तोलून राहणं मात्र फार कठीण. आरशावर एक सुई टोकावर उभी करणंच अवघड, इथे तर अशा असंख्य सुया एकदम उभ्या करायच्या. ते काम त्यानं देवावर सोपवलं. बेंटलीला ते उत्तर अर्थातच सोयीचं होतं.

सव्वादोनशे वर्षांनी तीच अडचण आइनस्टाइनपुढे आली. 1915 साली त्यानं गुरुत्वाकर्षणाचं नवं गणित मांडलं. द्रव्यामुळे अवकाश आणि काळ वक्र होतात आणि ग्रह त्या वक्रतेनुसार फिरतात. 1917 साली त्यानं हे गणित साऱ्या विश्वाला लावलं, तेव्हा समीकरणं विश्वाला स्थिर राहू देईनात. म्हणून त्यानं त्यांत एक जादा पद घातलं, विश्वस्थिरांक. खेचण्याला तोलून धरेल एवढंच ढकलणं त्यातून मिळत होतं. तोल बसला खरा, पण 1930 साली एडिंग्टननं दाखवून दिलं, की हा समतोल अस्थिर आहे. जरासा धक्का लागला तर असं विश्व एक तर आकसत जाईल किंवा फुगत सुटेल. सुई पुन्हा टोकावरच उभी होती.

दोन्ही वेळा गणितात खोट नव्हती. खोट गृहीतात होती. तारे आणि विश्व जागच्या जागी थांबलेले आहेत हे कुणी मोजून ठरवलं नव्हतं, ते इतकं उघड वाटत होतं, की तपासावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. रशियातल्या अलेक्झांडर फ्रीडमननं 1922 साली बदलत्या विश्वाची उत्तरं काढली, तेव्हा आइनस्टाइननं त्यांत चूक असल्याचं छापून जाहीर केलं आणि पुढच्या वर्षी ते विधान मागे घेतलं. 1927 साली बेल्जियमच्या जॉर्ज लमेत्र यांनी (हेही पाद्रीच!) विश्वाचं प्रसरण आणि दीर्घिकांच्या वेगांची निरीक्षणं एकत्र जोडून दाखवली. तुमचं गणित बरोबर आहे, पण भौतिकशास्त्राची समज अगदी भयंकर, अशी पावती त्यांना आइनस्टाइनकडून मिळाली.

निरीक्षणांची बाजू त्याहून रंगतदार आहे. कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनवर वेधशाळा बांधली जात असताना मिल्टन ह्युमासन खेचरांवर सामान लादून डोंगर चढत असे. शाळा त्यानं लहानपणीच सोडलेली. पुढे तो तिथे झाडलोट करायला लागला, मग रात्रपाळीचा मदतनीस झाला, आणि अखेर एडविन हबलसाठी अंधुक दीर्घिकांचे वर्णपट घेणारा निष्णात निरीक्षक. 100 इंची दुर्बिणीपाशी कडाक्याच्या थंडीत तासन् तास उभं राहून त्यानं ते मिळवले. दीर्घिका जितकी लांब, तितक्या तिच्या वर्णपटातल्या रेषा तांबड्या टोकाकडे सरकलेल्या, म्हणजे तितकी ती वेगानं दूर जाणारी. हबलनं हा संबंध 1929 साली प्रसिद्ध केला. बेंटलीच्या शंकेचं उत्तर असं निघालं, की सुया उभ्या नाहीतच. विश्व तोललेलं नाही, ते प्रसरण पावतं आहे.

इथे हौशी वाचक हटकून विचारतो, ‘मग आपण का नाही पसरत?’ प्रश्न चांगला आहे, कारण तो आकडे घालून तपासता येतो. सध्याचा प्रसरणाचा दर आहे दर 32 लाख 60 हजार प्रकाशवर्षांमागे सेकंदाला सुमारे 70 किलोमीटर. हाच दर पृथ्वी आणि चंद्र यांच्यातल्या 3 लाख 84 हजार किलोमीटरना लावला, तर चंद्र वर्षाला पावणेतीन सेंटीमीटर दूर जायला हवा. आणि तो खरोखरच जातो आहे, वर्षाला 3.8 सेंटीमीटर! 1969 साली अपोलो 11च्या अंतराळवीरांनी तिथे ठेवलेल्या परावर्तकांवर लेसर सोडून हे मोजता येतं.

पण हा निव्वळ योगायोग आहे. चंद्राला दूर सारते ती भरती. पृथ्वीची गिरकी चंद्राच्या फेरीपेक्षा जलद असल्यामुळे समुद्राचा फुगवटा चंद्राच्या किंचित पुढे जातो आणि त्याला पुढे ओढतो. चंद्र वरच्या कक्षेत सरकतो, पृथ्वीची गिरकी मंदावते. याची नोंद पोवळ्यांनीही ठेवली आहे. सुमारे 38 कोटी वर्षांपूर्वीच्या पोवळ्यांच्या जीवाश्मांवरच्या वाढीच्या बारीक रेषा मोजल्या, तर त्या काळी वर्षात 400च्या आसपास दिवस होते असं दिसतं. शिवाय सूर्य आणि पृथ्वी यांच्यातलं अंतर याच हिशेबानं वर्षाला दहा मीटरहून अधिक वाढायला हवं होतं. ग्रहांवरच्या यानांशी होणाऱ्या रेडिओ संपर्कातून एवढा फरक केव्हाच पकडला गेला असता.

प्रसरण म्हणजे प्रत्येक वस्तूला आतून ताणणारं बळ नव्हे. द्रव्य जिथे एकदा गोळा झालं आणि गुरुत्वाकर्षणानं त्याचं पांगणं थांबवलं, तिथे ते थांबलंच. आपली आकाशगंगा पसरत नाही. 25 लाख प्रकाशवर्षांवरची देवयानी दीर्घिका तर उलट आपल्याकडे येते आहे, सेकंदाला सुमारे 110 किलोमीटर वेगानं.

दुसरी नेहमीची शंका प्रकाशाच्या वेगाची. वरच्या दरानं साधारण 1,400 कोटी प्रकाशवर्षांपलीकडच्या दीर्घिका प्रकाशाहून जलद दूर जातात. त्यानं सापेक्षतेचा नियम मोडत नाही, कारण तिथली कुठलीही वस्तू आपल्या शेजारून जाणाऱ्या प्रकाशाला मागे टाकत नाही. मधलं अंतरच वाढतं आहे.

विश्वस्थिरांक आइनस्टाइननं 1931 साली टाकून दिला. 1998 साली दूरच्या स्फोटक ताऱ्यांच्या तेजावरून दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं, की प्रसरण मंदावत नाही, वाढत्या वेगानं चाललं आहे. ते पद समीकरणात परत आलं. मात्र या वेळी कशाला तोलून धरण्यासाठी नव्हे. प्रसरणाच्या दराबद्दलही एकमत नाही. विश्वाच्या बाल्यावस्थेतल्या प्रारणावरून तो 67च्या आसपास येतो, जवळच्या ताऱ्यांवरून 73च्या. हा वाद गुरुत्वीय लहरींनी सुटू शकेल का आणि हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथजवळ उभारल्या जाणाऱ्या लायगो वेधशाळेचा त्याच्याशी काय संबंध, ते पुढच्या लेखांकात.