नोंदणी, प्रतीक्षा आणि पुनर्विचार

आपल्या घरी एक लहानशी मोटारगाडी असावी, ही इच्छा आता मूठभर श्रीमंतांची राहिलेली नाही. चाळीत, वसाहतीत, सरकारी निवासस्थानांत राहणारी कुटुंबेही कर्ज काढून गाडी घेत आहेत. यात वावगे काही नाही. मात्र गाडी नोंदवल्यापासून ती दारात येईपर्यंतचा जो मधला काळ असतो, त्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. नोंदणीच्या दिवशीचा उत्साह चार दिवसांत ओसरतो आणि रात्री केव्हातरी मनात प्रश्न उभा राहतो, "आपण घाई तर केली नाही ना?" हा प्रश्न मनात आल्याची अनेकांना लाज वाटते, म्हणून ते तो कोणाजवळ बोलत नाहीत. आम्ही उभयतांनीही तो वर्षभर दाबून ठेवला होता. त्या अनुभवातून जे शिकलो ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम थोडा मागचा इतिहास पाहू. वाहनासाठी रांगेत उभे राहणे आपल्या देशाला नवीन नाही. परवाना पद्धतीच्या काळात कुर्ल्याला बनणारी प्रीमियर पद्मिनी असो की पुण्याजवळ आकुर्डीला बनणारी बजाज स्कूटर असो, पैसे भरून वर्षानुवर्षे थांबावे लागे. स्कूटरसाठी वडिलांनी नाव नोंदवायचे आणि ती मुलाच्या लग्नाच्या सुमारास मिळायची, असे तेव्हा गमतीने म्हणत. १९८३ साली मारुती ८०० ची नोंदणी सुरू झाली, तेव्हा दहा हजार रुपये आगाऊ भरून एक लाखाहून अधिक लोकांनी नावे नोंदवली. त्या वर्षी १४ डिसेंबरला पहिल्या ग्राहकाला तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते किल्ली मिळाली. बाकीचे आपल्या क्रमांकाची वाट पाहत राहिले. अशा काळात हाती आलेला क्रमांकच मोलाचा होई आणि लोक तो वरकड पैसे देऊन विकत घेत.

आम्ही ज्या रांगेत उभे राहिलो ती त्यानंतर सव्वीस वर्षांनी लागली. टाटांची नॅनो जानेवारी २००८ मध्ये दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात प्रथम दाखवण्यात आली. स्कूटरवर पावसात भिजत जाणारे चौघांचे कुटुंब पाहून अशा गाडीची कल्पना सुचली, असे रतन टाटा यांनी सांगितले होते. आमच्यासारख्यांना ते आपलेच वर्णन वाटले. सिंगूरचा कारखाना ऑक्टोबर २००८ मध्ये सोडावा लागला, नवा कारखाना गुजरातमध्ये साणंदला उभा राहायचा होता, म्हणून सुरुवातीच्या गाड्या उत्तराखंडात पंतनगरला बनवण्याचे ठरले. साहजिकच संख्या मर्यादित होती. एप्रिल २००९ मध्ये नोंदणी झाली, दोन लाखांहून अधिक लोकांनी पैसे भरले आणि त्यांतून सोडत काढून पहिले एक लाख ग्राहक निवडण्यात आले.

आम्ही मूळ प्रकार नोंदवला. त्यासाठी ९५ हजार रुपये भरायचे होते. पस्तीस हजार शिलकीतले होते आणि साठ हजार कार्यालयातील पतपेढीतून कर्जाऊ घेतले. अर्ज भरला त्या दिवशी आमच्या दोघांपैकी एकाकडेही गाडी चालवण्याचा परवाना नव्हता. कल्याणला ज्या इमारतीत आम्ही राहत होतो, तिथे गाडी उभी करायला जागाही नव्हती. तरीही संध्याकाळी शेजाऱ्यांना पेढे वाटले आणि गावी फोन करून आईला कळवले. आई म्हणाली, "मग या दिवाळीला मला गाडीतनंच न्या."

जूनमध्ये सोडत झाली. आमचे नाव आले नाही. पैसे परत घ्यावेत किंवा व्याजावर तसेच ठेवून पुढच्या फेरीची वाट पाहावी, असे दोन पर्याय होते. आम्ही पैसे ठेवले. त्यावर साडेआठ टक्के व्याज मिळणार होते. पतपेढीला मात्र आम्ही अकरा टक्के देत होतो. साठ हजारांवर वर्षाला दीड हजार रुपयांचा हा सरळ तोटा होता. रक्कम लहान असेल, पण हा साधा हिशेबही आम्ही वर्षभर केला नाही. हिशेब केला असता तर पुढचे प्रश्नही विचारावे लागले असते.

दरम्यान मन डळमळू लागले होते. मार्च २०१० मध्ये मुंबईत शोरूममधून घरी नेली जात असलेली नवी नॅनो पेटल्याची बातमी आली. गाडी चांगली की वाईट, यावर कार्यालयात रोज वाद होऊ लागले. आम्हीही त्यात हिरिरीने भाग घेत असू. परंतु खरे सांगायचे तर आमची मुख्य शंका इंजिनाबद्दल नव्हती. थोरली मुलगी त्या वर्षी बारावीला होती आणि तिला परिचारिकेचे शिक्षण घ्यायचे होते. प्रवेशाची आणि वसतिगृहाची फी जूनमध्ये भरावी लागणार होती. ती कोठून भरायची, हे आम्ही एकमेकांना विचारतच नव्हतो. शेवटी आईनेच फोनवर विचारले, "गाडी येईल तेव्हा येईल, पोरीची फी कधी भरणार ते सांग."

त्या रात्री आम्ही वही घेऊन बसलो. एका पानावर सर्व शंका लिहिल्या. लिहिता लिहिता त्यांचे तीन गट पडले. पहिला गट वाहनाविषयीचा होता. गाडी सुरक्षित आहे का, घाट चढेल का, सामान कोठे ठेवायचे. दुसरा पैशांचा होता. हप्ता, पेट्रोल, विमा, दुरुस्ती, जागेचे भाडे, फी. तिसरा गट लिहायला आम्ही कचरत होतो. पेढे वाटले, आता नाही म्हटले तर लोक काय म्हणतील? मेहुण्यांनी टोमणा मारला तर? वही मिटताना लक्षात आले की पहिल्या गटाची उत्तरे चौकशी केल्यास मिळण्यासारखी होती आणि दुसऱ्या गटाची उत्तरे आम्हाला ठाऊकच होती. वर्षभर आम्हाला अडवून ठेवले होते ते तिसऱ्या गटाने. आठवडाभरात नोंदणी रद्द करण्याचा अर्ज दिला. पैसे परत आले, फी भरली गेली.

पुढे जे घडले ते विचार करायला लावणारे आहे. २०१० च्या उत्तरार्धात काही राज्यांत नॅनो नोंदणीशिवाय थेट मिळू लागली. कंपनीने गाडीत जादा संरक्षक भाग विनामूल्य बसवून देण्याचेही जाहीर केले. तरी त्या नोव्हेंबरमध्ये देशभरात केवळ ५०९ नॅनो विकल्या गेल्या. पुढच्या महिन्यांत विक्री पुन्हा वाढली खरी, पण पहिली झुंबड पुन्हा दिसली नाही, आणि २०१९ पर्यंत तिची निर्मितीही थांबली. ज्या वस्तूसाठी दोन लाख लोकांनी पैसे भरले, ती समोर सहज उपलब्ध होताच इच्छा एवढी कमी कशी झाली? बातम्यांचा, किमतीचा, कर्जाचा परिणाम होताच. पण रांग ही स्वतःच वस्तूचे मोल वाढवते, हेही त्यातले एक कारण आहे असे आम्हाला वाटते. नोंदणीतही हेच दिसले होते. स्वस्त गाडी म्हणून गाजलेल्या या गाडीच्या नोंदणीत सुमारे निम्म्या लोकांनी सर्वांत महाग प्रकार निवडला होता. मूळ प्रकार निवडणारे पाचात एक होते.

आज गाडी नोंदवून वाट पाहणाऱ्यांनी हा मधला काळ कसा वापरावा, याविषयी काही मुद्दे सुचवतो.

१) नोंदणीचा कागद पुन्हा वाचावा. रद्द केल्यास किती रक्कम कापली जाईल आणि किंमत नोंदणीच्या दिवसाची लागेल की ताबा देण्याच्या दिवसाची, हे पाहावे. बहुधा ताब्याच्या दिवसाची किंमत लागते. ती दर वेळी वाढतेच असे नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाड्यांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला, तेव्हा थांबलेल्यांचा फायदा झाला.

२) हप्त्याबरोबर एकूण व्याजही काढावे. समजा चार लाखांचे कर्ज नऊ टक्क्यांनी घेतले. पाच वर्षांसाठी हप्ता सुमारे ८,३०० रुपये आणि एकूण व्याज सुमारे ९८ हजार होते. तेच सात वर्षांसाठी घेतल्यास हप्ता सुमारे ६,४४० पर्यंत उतरतो, पण व्याज १ लाख ४० हजारांवर जाते. लहान हप्ता दाखवणारा माणूस हा दुसरा आकडा सहसा सांगत नाही.

३) वापराचा खर्च धरावा. महिन्याला ५०० किलोमीटर आणि लिटरला वीस किलोमीटर धरले तर पंचवीस लिटर पेट्रोल लागते. लिटरला शंभर रुपये धरले तरी अडीच हजार झाले. हप्ता आणि पेट्रोल मिळून होणारी रक्कम गाडी येण्याआधीच तीन महिने बाजूला काढून पाहावी. घर ओढाताण न होता चालले तर शंका आपोआप मिटेल. न चालल्यास उत्तर मिळालेच.

४) सुरक्षिततेची चौकशी ऐकीव गोष्टींवर करू नये. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने भारतातील पाच लहान गाड्यांच्या मूळ प्रकारांची धडक चाचणी घेतली, तेव्हा नॅनोसह पाचही गाड्यांना मोठ्यांच्या सुरक्षिततेत शून्य तारे मिळाले होते. ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याकडे भारत एनकॅप ही चाचणी सुरू झाली आहे. आपण नोंदवलेल्या गाडीची चाचणी झाली आहे का, हे विचारावे.

५) विमा शोरूममध्येच काढला पाहिजे असे बंधन नाही, बाहेर दर विचारावेत. ताबा घेण्यापूर्वी गाडी कोणत्या महिन्यात बनली ते तपासावे. पैसे परत देण्यास विनाकारण टाळाटाळ झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

६) निर्णयासाठी एक तारीख ठरवावी. त्या तारखेपर्यंत घरातील सर्वांनी, मुलांनीही, मोकळेपणाने बोलावे. त्यानंतर जे ठरेल त्याला चिकटून राहावे.

पुनर्विचार करणारा प्रत्येक जण नोंदणी रद्दच करील असे मुळीच नाही. ज्या घरात रात्री-अपरात्री दवाखाना गाठावा लागतो, ज्यांना अपंगत्वामुळे बसगाडीत चढता येत नाही, त्यांच्यासाठी गाडी ही चैन नव्हे. अशांनी हिशेब करून निर्धास्तपणे ताबा घ्यावा.

आमच्या निर्णयाचीही किंमत होती, ती लपवणे बरे नाही. मुलगी शिकली, आज ती एका रुग्णालयात परिचारिका आहे. आई मात्र २०१३ साली गेली. त्यानंतर चार वर्षांनी आम्ही एक जुनी लहान गाडी घेतली, रांगेत उभे न राहता, आणि पहिल्याच रविवारी सातारा जिल्ह्यातील आमच्या गावी गेलो. घराशी गाडी थांबली तेव्हा आम्ही दोघे बराच वेळ खाली उतरलो नाही. फीच्या वेळी घेतलेला निर्णय चुकला असे आम्हाला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. पण वर्षभर गप्प बसण्याऐवजी सोडतीच्या दिवशीच वही उघडली असती, तर पतपेढीचे कर्ज वेळेत फिटले असते आणि एखाद्या दिवाळीला भाड्याची गाडी करून आईला नेता आले असते. तो हिशेब मात्र आम्हाला सुचला नाही. ज्यांची गाडी अजून यायची आहे, त्यांनी तो आज रात्रीच करावा.