क्युरेटिंग : एका जुन्या शस्त्रकर्माचा आढावा

सुश्रुताने शस्त्रकर्माचे जे आठ प्रकार सांगितले, त्यांत लेखनकर्माला, म्हणजे दूषित ऊतक खरवडून काढण्याला, स्वतंत्र स्थान दिले. आणि रुग्ण बालक असेल, शस्त्राला भिणारा असेल, किंवा शस्त्रच हाताशी नसेल, तर पापण्यांच्या व मुखाच्या विकारांत शेफालिकेची वा शाकाची खरखरीत पाने योजावीत, अशी तजवीजही त्याने करून ठेवली. शेफालिका म्हणजे वसईच्या वाड्यांत फुलणारा पारिजातक आणि शाक म्हणजे पालघरच्या जंगलातला साग. ज्याला शंका असेल त्याने यांच्या पानावरून एकदा बोट फिरवून पाहावे.

आज मात्र विरारच्या लोकलमध्ये बायका ‘क्युरेटिंग केलं’ किंवा ‘पिशवी साफ केली’ असे म्हणतात, तेव्हा गर्भाशयाखेरीज दुसरा अवयव कोणाच्या मनात येत नाही. या कामाची लांब दांड्याची, टोकाशी कडे असलेली क्युरेट पॅरिसच्या रेकामिए या वैद्याने एकोणिसाव्या शतकात प्रचारात आणली. गर्भाशयाचे मुख चढत्या जाडीच्या सळ्यांनी हळूहळू रुंद करायचे, मग क्युरेट आत नेऊन अस्तर खरवडायचे, आणि खालचा कठीण थर लागल्याची करकर हाताला जाणवताच थांबायचे. तेथे हात आवरला नाही, तर भिंतीला भोक पडते किंवा पुढे आत चिकटे धरून पाळीच बंद होते. ही दुसरी व्याधी अ‍ॅशरमन यांनी १९४८ साली सविस्तर वर्णिली.

क्युरेटिंग गर्भपातासाठीही केले जाते, पण स्त्रीचा जीव वाचवण्यापलीकडे गर्भपाताला १८६० च्या दंडसंहितेत मुभा नव्हती. महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवरून १९७१ चा कायदा झाला आणि १९७२ पासून त्याचा अंमल सुरू झाला. २०२१ च्या दुरुस्तीने काही वर्गांतील स्त्रियांसाठी मुदत चोवीस आठवड्यांपर्यंत वाढली. गर्भपातासाठी खरवडण्याची पद्धत कालबाह्य असून तिच्या जागी निर्वात शोषण किंवा औषधे वापरावीत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ साली स्पष्ट केले आहे. तरीही सवयीने क्युरेटच उचलणारे हात आहेत, आणि त्याला माझ्या मते रुग्णाचे मौनही तितकेच कारण आहे.

अतिरक्तस्रावात किंवा पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसल्यास निदानासाठी अस्तराचा नमुना घेण्याची गरज मात्र आजही आहे. आपल्याकडे वंध्यत्वाच्या मुळाशी कित्येकदा गर्भाशयाचा क्षय दडलेला असतो, आणि तो या चिमूटभर ऊतकातून सापडू शकतो. पण सूक्ष्मदर्शकासाठीचा भाग फॉर्मॅलिनमध्ये आणि जंतूंच्या वाढीसाठीचा भाग सलाइनमध्ये ठेवावा लागतो, कारण फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात. म्हणून वसईच्या जुन्या सर डी. एम. पेटिट रुग्णालयात जा किंवा नालासोपाऱ्याच्या एखाद्या लहान प्रसूतिगृहात, घरच्या माणसांनी दोन प्रश्न अवश्य विचारावेत : शोषणाने काम भागेल काय, आणि काढलेला नमुना तपासणीस कोठे पाठवणार? अहवालाचा कागद हाती घेतल्याशिवाय बिल चुकते करून घरी परतू नये. आणि अहवाल यायला दिवस लागणार असतील, तर तो कोणत्या दिवशी मिळेल हे लिहून घ्यावे.