पिवळ्या उजेडाची गाडी

"निळे डबे कुठनं आणलास रे? आमच्या गाडीचे तांबडे होते की!" मोतीबिंदू काढल्यापासून सासूबाईंना रंग लख्ख दिसतात.

पुण्यात कोथरूडला १९९८ साली सुरू झालेलं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय पाहून आल्यापासून लेक पुठ्ठ्याची गाडी करत होता. होटगीहून विजापूरला जाणारी मीटरगेजची डिझेल पॅसेंजर. मंद्रूपहून होटगी गाठून सासूबाई याच गाडीनं माहेरी जायच्या. आता ते रूळ ब्रॉडगेज झाले, माहेरचं घरही राहिलं नाही.

१:८७ या प्रमाणात मीटरगेजच्या रुळांतलं अंतर साडेअकरा मिलिमीटर, हा हिशेब पठ्ठ्यानं चोख केला. पण रंग घेतला नव्वदच्या दशकात आलेला, नि दिवे पांढरे एलईडी. ट्यूबलाइटच जणू!

मग डबे तांबडे केले. दिव्यांवर आकाशकंदिलातला पिवळा जिलेटीन कागद लावला. तरी पुठ्ठ्यातून उजेड झिरपेच. आतून काळा रंग फासला, तेव्हा कुठे तो फक्त खिडक्यांतून येऊ लागला.

रात्री मी घरातले दिवे मालवले. सासूबाई वाकून कितीतरी वेळ बघत राहिल्या. "अजून मंद कर बाळा. समोरच्या बाईचं तोंडसुद्धा नीट दिसायचं नाही बघ."

लेकानं मुकाट्यानं निम्मे दिवे काढले.