पाइप तुटतो तेव्हा : युनिक्समधील आज्ञावलींच्या समाप्तीचा विचार

एका आज्ञावलीने दिलेली माहिती दुसरीला थेट पुरविता यावी, ही कल्पना डग मॅकिलरॉय यांनी लावून धरली आणि १९७३ मध्ये केन थॉम्पसन यांनी युनिक्समध्ये ती ‘पाइप’च्या रूपाने साकारली. लहान साधने जोडून मोठे काम साधण्याची युनिक्सची पद्धत यावरच उभी आहे. या साखळीतील पुढची आज्ञावली आधीच बाहेर पडली, तर मागचीने कसे वागावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

लाखो ओळींची निकालाची फाइल ‘कॅट’ने वाचून ‘हेड’कडे पाठविली, असे समजू. हेड पहिल्या दहा ओळी दाखवून थांबते. वाचणारा उरलेला नसताना कॅट पाइपमध्ये लिहू लागताच कर्नल तिला ‘सिगपाइप’ हा सिग्नल पाठविते. त्याचा मूळ परिणाम म्हणजे तात्काळ समाप्ती. लिनक्सवर त्याचा क्रमांक १३ असल्याने बॅश शेल कॅटच्या समाप्तीचा अंक १२८ अधिक १३, म्हणजे १४१, असा नोंदविते. हा बिघाड नव्हे. एकच ओळ अखंड लिहीत राहणारी ‘येस’ ही आज्ञा हेडला जोडल्यावर थांबते, ती याच व्यवस्थेमुळे.

अडचण येते ती हा सिग्नल दुर्लक्षित केल्यावर. तेव्हा आज्ञावली मरत नाही. केवळ तिचे लेखन अयशस्वी होते. ते न तपासणारी आज्ञावली कोणीही न वाचणारी माहिती निर्माण करीत राहते. पायथॉन आरंभीच हा सिग्नल दुर्लक्षित करते, म्हणून तेथे ‘ब्रोकनपाइपएरर’ उद्भवतो आणि निरुपद्रवी प्रसंगी त्रुटीचा लांबलचक मजकूर पडद्यावर येतो. अशा वेळी साधनाने निमूटपणे थांबणे इष्ट. सर्व्हरचे मात्र निराळे : एक ग्राहक निघून गेला म्हणून सर्वांची सेवा बंद पडणे योग्य नाही, तेथे सिग्नल दुर्लक्षित करून त्रुटी हाताळणेच उचित ठरते. लिनक्सवर पाइपमध्ये सामान्यतः ६५,५३६ बाइट मावतात. त्यामुळे छोट्या फाइलवरील चाचणीत हा दोष बहुधा दिसतच नाही, ही बाब अध्यापकांनी प्रात्यक्षिकात आवर्जून दाखवावी.

कंट्रोल-सी दाबल्यावर येणाऱ्या ‘सिगइंट’चा प्रश्न अधिक गंभीर आहे. काम अर्धवट असताना आज्ञावलीने समाप्तीचा अंक शून्य दिला, तर शेल ते काम यशस्वी मानते आणि अपुरी गुणपत्रिका पुढच्या टप्प्यात जाते. म्हणून तात्पुरत्या फाइली काढून टाकाव्यात, सिग्नलचे मूळ वर्तन पूर्ववत करावे आणि तोच सिग्नल स्वतःस पाठवून संपावे. म्हणजे शेलला खरे कारण कळते. सिग्नल येताच चालणाऱ्या कार्यात मात्र केवळ खूण नोंदवावी व आवराआवर मुख्य प्रवाहात करावी, कारण तेथे ‘प्रिंटएफ’सारखी कार्येही सुरक्षित नसतात.

‘सिगकिल’ तर अडविताच येत नाही. त्यासाठी नवी माहिती त्याच फाइल प्रणालीतील तात्पुरत्या फाइलीत लिहावी आणि लेखन व फाइल बंद करणे दोन्ही यशस्वी झाल्यावरच तिला मूळ नाव द्यावे. मध्येच आज्ञावली मारली गेली, तरी जुनी फाइल शाबूत राहते.