शुद्ध हरपलेल्या रुग्णाच्या वेदना

डोक्याला मार लागून अथवा पक्षाघाताने शुद्ध हरपलेला रुग्ण विचारल्यास उत्तर देत नाही. त्यावरून त्याला वेदनाच होत नसाव्यात, असा समज घरोघरी आढळतो. हा समज चुकीचा आहे. बेशुद्धीच्या अनेक पायऱ्या असतात. ग्लासगो येथील टीसडेल व जेनेट यांनी १९७४ मध्ये त्या मोजण्याची पद्धत घालून दिली. तीत पूर्ण शुद्धीला १५, तर गाढ बेशुद्धीला ३ गुण धरतात. किंचित जाणीव शिल्लक असलेल्या काही रुग्णांचा मेंदू वेदनेला निरोगी माणसाच्या मेंदूप्रमाणेच प्रतिसाद देतो, असे बेल्जियममधील लिएजच्या संशोधकांना २००८ मध्ये दिसून आले.

मग मुक्या वेदना ओळखाव्यात कशा? कॅनडात विकसित होऊन २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतीत चेहरा, अंगाची हालचाल, स्नायूंचा ताठरपणा आणि श्वसनयंत्राशी जुळणी (यंत्र नसल्यास कण्हणे) यांना प्रत्येकी ० ते २ गुण देतात. आठांपैकी तीन वा अधिक गुण झाल्यास वेदना असल्याचे मानून उपाय योजतात. कपाळाला पडलेली आठी, घट्ट मिटलेले डोळे, कूस बदलताना आखडणारा हात या खुणा अहोरात्र उशाशी बसणाऱ्या नातेवाइकांच्या ध्यानी बहुधा आधी येतात. त्यांचे म्हणणे डॉक्टरांनी अवश्य ऐकावे. नाडी किंवा रक्तदाब वाढण्यास तापासारखी अन्य कारणेही असतात. केवळ त्यावर विसंबू नये.

वेदनेचे मूळ कित्येकदा साधे असते. तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, पाठीवरील शय्याव्रण, लुळ्या हाताला धरून ओढल्याने दुखावलेला खांदा अशी कारणे प्रथम तपासावीत. दर दोन तासांनी कूस बदलावी. उचलताना काखेत हात घालू नये. जखमेची मलमपट्टी करण्यापूर्वी वेदनाशामक औषध देण्याविषयी डॉक्टरांना विचारावे.

गुंगीचे औषध म्हणजे वेदनाशामक नव्हे. गुंगीने रुग्ण शांत दिसतो, वेदना मात्र उरू शकतात. मॉर्फिन गुणकारी आहे. पण त्याने श्वास मंदावू शकतो व शुद्धीची पातळी ओळखणे अवघड होते, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावे. उपायानंतर त्याच खुणा पुन्हा पाहून वेळेसह वहीत नोंदवाव्यात. घरी अशा रुग्णाच्या तोंडात गोळी वा पाणी घालू नये. ते श्वासनलिकेत उतरण्याचा धोका असतो.